मुठीची ज्वारी

गिरणीत नुकत्याच दळलेल्या ज्वारीचा ऊन वास आला की मला अकोल्यातलं आमचं पत्र्याचं स्वयंपाकघर आठवतं. साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या प्रत्येक घरी स्वयंपाकाआधी एक मूठ धान्य प्रभूच्या डब्यात टाकायची रीत होती. रविवारी ते चर्चमध्ये जाई आणि तिथून गरजूंच्या घरी.

त्या वर्षी कापसाच्या जिनिंगमधलं बाबांचं काम सुटलं होतं आणि धाकटी रूथ तापानं खंगत चालली होती. तरी आई मूठ काढायचीच.

"पोरीले पेज पुरत नाही, अन् तू डबा भरून राहिली? काहून?" बाबा ओरडले.

"त्याचं त्याले देऊ द्या. तोच बरी करन पोरीले," आई म्हणाली.

रूथ बरी झाली नाही. तिला मूठमाती देऊन आम्ही परतलो, तेव्हा चर्चचे पाळकसाहेब मंडळीनं जमवलेल्या ज्वारीची पिशवी घेऊन दारात उभे होते. तीत आमच्याही मुठी होत्या. संध्याकाळी आईनं सवयीनं पिशवीत हात घातला, पण मूठ वळेना. उघड्या तळव्यावर दाणे घेऊन ती तशीच बसली. बाबांनी ते दाणे आपल्या मुठीत घेतले आणि डब्यात टाकले.

"आज मी टाकतो," एवढंच म्हणाले.

बाबांचा विश्वास बसला, असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, आधीच्या मुठी फुकट गेल्या असं आईला वाटू नये, एवढंच त्यांना हवं होतं. कारण त्यानंतर ते चर्चमध्ये कधीच आले नाहीत. मूठ मात्र रोज तेच टाकत.