मिरच्यांचा ठसका आला न्हाई तेव्हा

पोरी, हे वाचताना तरी जरा जवळ सरकून बस. तू लातुरात, मी नांदेडात. फोनवर "आजी, बरी हाय" म्हणतीस अन् ठेवून देतीस. बीपी किती आलं ते सांगायला नातीचं तोंड दुखतं का?

पाचव्या महिन्यात तुझी चोरचोळी, पोटुशीची पहिली हिरवी साडी-चोळी, माझ्याकडं झाली, आठ दिवस राहिलीस. खारातल्या मिरच्या, पापड, लोणचं... तुझी जीभ मागत होती अन् मी वाढत होते. ज्वारीची आंबील मात्र तुला शिवू दिली न्हाई. पोटुशीनं आंबलेलं खाऊ नये, हे माझ्या सासूचं शिकवणं.

शेवटच्या दिवशी तुझ्या बोटातली अंगठी निघेना. पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. मी म्हणाले, हिरव्या साडीत पोर लई उठून दिसली, गल्लीतल्या बायांची नजर लागली. मूठभर मीठ, मोहरी, लाल मिरच्या तुझ्यावरून उतरवल्या अन् शेगडीत टाकल्या. कुणालाच ठसका आला न्हाई. ठसका न्हाई म्हणजे दृष्ट पक्की! मी निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी तुला सोडायला लातूरला आले, म्हणून दवाखान्यात संग होते. डॉक्टरीणबाईंनी बीपी मोजलं, थांबून परत मोजलं.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

तू माझ्याकडं पाहिलंस. मी म्हणाले, "कालपासून. दृष्ट होती, काढलीय."

बाई हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हसल्या न्हाईत. "आजी, दृष्ट काढा, पण आधी इकडं आणा. हे बीपी वाढलं तर आई अन् बाळ, दोघांच्या जिवावर येतं."

बीपीच्या गोळ्या लिहून दिल्या, मग जेवणाचं विचारलं. मी सगळं कबूल केलं. बाई म्हणाल्या, लोणचं-पापड कमी करा, ज्वारी, डाळी, पालेभाजी वाढवा. आतड्यात जंतू असतात, त्यातले पुष्कळ आपल्या कामाचे, ते यावरच जगतात. त्यांचा अन् बीपीचा काही संबंध हाय का, ते डॉक्टर लोक शोधून राहिलेत म्हणे.

"मग आंबील देते की! गोळ्या कशाला?"

"आजी! आंबील खुशाल द्या, पण गोळी चुकवायची नाही. जंतूंचं अजून पक्कं ठरलेलं नाही."

"बरं, मीठ तरी बंद करू?"

"पूर्ण बंदही नको."

आता सांग, मी काय समजायचं? जन्मभर जंतू मारायला पाणी उकळलं, फडकी उकळली. आता ते पोसायचे. आंबील नको म्हणाले ते चुकलं, आंबील देते म्हणाले तर ते औषध न्हाई. अन् ठसका का आला न्हाई, तेही कळेना. निखारे विझत आले होते का काय, मी पाहिलंच न्हाई. तुला हौसेनं आणखी चार दिवस ठेवून घेतलं असतं तर? या विचाराशी आलं की माझं डोकंच चालत न्हाई.

आता सातवा लागलाय. बाळंतपण लातुरातच होऊ दे, दवाखाना जवळ हाय, मी हट्ट करणार न्हाई. पण डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हो म्हटलं तर दोन दिवस ये. मिरच्यांची बरणी शेजारणीला देऊन टाकलीय. बीपीचं मशीन आणलंय, पट्टा बांधायला शिकून राहिले. आधी मोजू, मग दृष्ट काढू. गोळ्या तेवढ्या घेऊन ये, अन् लवकर ये गं.