दिसणारी धावपट्टी

मागच्या कार्तिकात एका मंगळवारी सकाळी कॅप्टनमामाच्या छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं. मामा गेला. त्याच्याकडे शिकणारी सरिता वाचली.

मामा सेलूचा. घरातले बाकीचे शाळामास्तर. हा विमान चालवायला शिकवायचा. सुटीत घरी येताना रेल्वेत खिडकीशी बसून पिंगळीपासून सेलूपर्यंत तो शेतं पारखायचा. "इथं उतरता येतंय. इथं न्हाई. रान ओलं हाय, काळ्या मातीत चाक रुतलं की विमान पालथं." मामी म्हणायची, "आवो, आपल्याला स्टेशनावर उतरायचंय." डबा हसायचा. मामाही हसायचा, पण नजर बाहेरच ठेवायचा.

आमच्याकडे विचारल्याशिवाय कुणाचा उंबरठा ओलांडायचा नाही, अशी रीत. मोठ्या विमानतळाभोवतीच्या आकाशातल्या हद्दीलाही तोच नियम. मामा मात्र शिकणाऱ्यांना बजावायचा, "इंजिन बिघडलं तर विचारायचं न्हाई, सांगायचं. त्याच्याही आधी विमान सांभाळायचं."

तेराव्याला सरिता आली. हात गळ्यात बांधलेला. मामीसमोर बसून तिनं सगळं सांगितलं. हद्दीजवळ इंजिन थरथरायला लागलं. मामानं विमानाचं नाक खाली घेऊन वेग धरला, इंधनाची टाकी बदलून पाहिली. तिला रेडिओवर बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "आत यायला परवानगी मिळेल का?" विमानतळावरून उत्तर आलं, "थांबा." तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

"मग सर स्वतः बोलले. लगेच तिकडून धावपट्टी मोकळी करून दिली. समोर दिसत होती. मी म्हटलं, सर, पोचतो आपण. सर म्हणाले, 'दिसायलीय म्हणून पोचत न्हाई, बाई.' आणि शेताकडे वळले."

सोयाबीन काढलेलं कोरडं रान होतं. विमान नीट टेकलं. शेवटी बांध आडवा आला, मामाच्या बाजूला.

"माझ्या विचारण्यात वेळ गेला, काकू."

मामी म्हणाली, "ते रागावले का गं तुला?"

"नाही."

"मग मी कशाला रागवू? चल, पान वाढलंय."

मामी आता सेलूला एकटी असते. सरितानं पुन्हा उड्डाण सुरू केलं आहे. खाली उतरली की ती मामीला फोन करते. तो येईपर्यंत मामी जेवत नाही.