हात मांडीखाली

माझी धाकटी बहीण एका पोराचं नाक पुसलं म्हणून नापास झाली.

घरात तिला सगळे लगबग म्हणतात. लहानपणापासून तिला एका जागी बसवत नाही. अर्धं आयुष्य पाळणाघरात मुलं सांभाळली; एका हातात बाटली, दुसऱ्यात लंगोट, पायाने पाळणा. चाळिशी उलटल्यावर विद्यापीठात नाव घातलं. विषय मानवी विकास आणि कुटुंबसेवा.

मेहुणे म्हणाले, "पोरं सांभाळायला आता पदवी लागते होय?"

"सांभाळायला नाही लागत. कळायला लागते," ती म्हणाली आणि कामाला लागली. सकाळी पाळणाघर, दुपारी वर्ग, स्वयंपाक करता करता पाठांतर. मी जन्मभर भिंतींना गिलावा केला. अंग चोरणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. तिने अंग चोरलं नाही.

लेखी पेपर सुटले. अडलं प्रात्यक्षिकात. विद्यापीठाच्या बालवाडीत कोपऱ्यात बसून एका मुलाकडे बघायचं आणि ते काय करतं ते नंतर मॅडमना सांगायचं. इजा होणार असेल तरच उठायचं. लगबग शेंबूड दिसताच उठली.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मूल पाहिलंच नाही. नाक पाहिलंत."

आता एकच संधी उरली. ती हुकली की पदवी गेली.

मी तिला म्हणालो, "ओल्या गिलाव्यालाही लगेच हात लावायचा नसतो. पाणी ओढू द्यावं लागतं."

"दादा, भिंत रडत नाही."



मग तिने माझ्यावरच सराव मांडला. परांचीवरून पडल्यापासून माझा उजवा हात नीट वळत नाही. ती शेजारीच राहते. शर्टाची बटणं रोज तीच लावून द्यायची. एका सकाळी समोर खुर्ची ओढून बसली.

"लाव तुझी तू."

"अगं, उशीर होतोय."

"कुठे जायचंय तुला? निवृत्त माणूस."

पहिल्या बटणालाच तिचा हात पुढे आला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तिने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि त्यांवर बसली. दूध उतू जातंय आणि उठायची बंदी आहे, असा चेहरा. मला घाम फुटला, पण बटणं लागली.

प्रात्यक्षिकाहून आली ती थेट माझ्याकडे. तिच्या वाट्याला एक चिमुरडी आली होती. चप्पल उलट्या पायात घालत होती, पट्टा अडकेना. रडली. लगबगकडे बघून पाय पुढे केला.

"मग?"

"मी हातांवर बसलेली. 'मी इथेच आहे', एवढंच म्हणाले. तिने चप्पल फेकली. पण कशी, दादा? हाताला येईल इतक्यावरच. तिला सोडायची नव्हतीच. परत ओढली, पट्टा अडकवला आणि तशीच उलट्या चपलांनी मिरवत गेली. इतकी वर्षं मला हे दिसलंच नाही. मी आधीच पट्टा लावून मोकळी व्हायचे."

मॅडमना तिने हेच सांगितलं होतं. पास झाली.

निकालाच्या दिवशी सगळे बाहेर जेवायला निघालो. मी नवा शर्ट चढवला. ती समोर बसली, हात मांडीखाली.

"आता तरी लाव. परीक्षा संपली ना?"

"माझी संपली," ती म्हणाली.

मेहुणे दारात ताटकळत उभे. शेवटचं बटण लागलं तेव्हा कळलं, वरून एक भोक चुकलंय. तिनेही ते पाहिलं, पण हात मांडीखालीच ठेवले. मी तसाच निघालो.