सुमनच्या तीन चिठ्ठ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. पाळकसाहेबांना न्हाई, नवऱ्याला न्हाई — लेकीला तर न्हाईच. तिच्यासाठी केलं, असं मी स्वतःला पटवत आले. खोटं! माझ्या रागासाठी केलं.

नांदेडला आमच्या चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थनेच्या चिठ्ठ्या मी वाचते. कोण आजारी, कुणाचं ऑपरेशन. नाव वाचलं की नुसती प्रार्थना होत न्हाई, दुपारपासून माणसं डबे घेऊन दवाखान्यात जातात, पाळीपाळीनं बसतात. न वाचलेल्या माणसाकडं कोण जाणार? मला हे ठाऊक होतं, बरं का.

सुमन आमच्याच चर्चची. माझ्या लेकीला लहानपणी फिट यायची — ते हिनं उदगीरच्या पाहुण्यांच्या कानावर घातलं. ठरलेली सोयरीक मोडली. लेक महिनाभर खोलीतून बाहेर आली न्हाई. आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. काय पडलं होतं हो त्या बाईला?

आणि बायबल म्हणतं, शाप देणाऱ्याला आशीर्वाद द्या. लई सोपंय सांगायला! त्याच बायबलात स्तोत्रकर्ता वैऱ्यासाठी मागतो — त्याच्यावर दया करणारा कुणी उरू नये. एकाच पुस्तकात दोन्ही? मग माणसानं वागायचं कसं? पाळकसाहेबांना मी भांडल्यासारखंच विचारलं. ते म्हणाले, स्तोत्रकर्त्यानं राग देवापुढं ओकला आणि निवाडा त्याच्यावर सोडला. स्वतः हात उचलला न्हाई. मला कळलं. चांगलं कळलं — तरी घरी येऊन मी तेच स्तोत्र उघडून बसले.

मग सुमनच्या नवऱ्याला लकवा मारला. तिची चिठ्ठी आली. मी बाकीच्या वाचल्या, तिची पर्समध्ये घातली. पुढच्या रविवारी दुसरी. तिसरी तिच्या शेजारणीनं, आमच्या चर्चची नसूनही, आणून चिठ्ठ्यांच्या पेटीत टाकली — खाली लिहिलं होतं, कुणी घटकाभर बसायला आलं तर बरं होईल. फोन करून बोलवणाऱ्यातली ती नव्हे. चिठ्ठी दिली की आपली माणसं येतात, एवढाच तिचा भरवसा. तिन्ही मी फाडल्या. वाईट वाटलं? छे. बरं वाटलं मला.

तीन आठवडे ती बाई दवाखान्यात एकटी बसली, रविवारीही चर्चला आली न्हाई. मग तो गेला.

दफनाला सगळे आले. सुमन कुणाकडं बघत नव्हती. माझ्याजवळ मात्र आली, माझे दोन्ही हात धरले. मला वाटलं, हिला कळलं. कळलं असतं तर बरं झालं असतं.

"लोकं आली न्हाईत, त्यात तुझा काय दोष? माझ्यावर एवढा राग असून तू नाव वाचत राहिलीस. देव तुझं भलं करो," ती म्हणाली.

मी आमेन म्हणाले.