सावंत सरांची चेतनगुणोक्ती

सावंत सरांसमोर मोकळेपणी बोलायची सोय नव्हती. "उन्हाने जीव गेला माझा," म्हणत मी पंख्याखाली बसले, की स्टाफरूमच्या कोपऱ्यातून आवाज यायचा, "अतिशयोक्ती!" शिपाई चहा ठेवताना म्हणाला, "अमृतासारखो झालो आसा," की लगेच, "उपमा. पण साखर कमी." आचऱ्याजवळच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवायचे, मी गणित. समोरचा काय सांगतोय ते राहायचं बाजूला. मी चिडले की हसून म्हणायचे, "बाई, भाषा नुसती वापरायची नसते, ओळखायची असते."

सर धामापूरचे, भातशेतीतले. समुद्र त्यांनी पाहिला तो किनाऱ्यावरूनच.

एकदा नववीला चेतनगुणोक्ती शिकवताना त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'समुद्र रागावला.' निर्जीव वस्तू माणसासारखी वागते अशी कल्पना केली की हा अलंकार होतो, असं समजावलं. सुप्रिया उभी राहिली. मासेमाराची मुलगी, माझ्या विषयातही हुशार. "सर, ह्यो अलंकार न्हय. दर्यो खराच रागावता."

"निर्जीवाला राग कसा येईल?"

"मगे नारळी पुनवेक आमी नारळ कोणाक देतंव?"

वर्ग हसला. सरांना तो उद्धटपणा वाटला. 'समुद्र निर्जीव आहे' हे वाक्य पानभर लिहून आणायची त्यांनी तिला शिक्षा केली.

त्या संध्याकाळी तिचे वडील होडी घेऊन समुद्रात होते. आईने विचारलं, "काय लिवतंस गो?" सुप्रियाने वाचून दाखवलं. वडील सुखरूप परतले, पण दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. आईने पाणी दिलं, बसायला दिलं. "गुरुजी, आमचा पोट दर्यावर चलता. घो थंय आसताना दर्याकच निर्जीव म्हणूक शिकवतास? रवांदे तिची शाळा." मुलीला घरी बसवायचं घरात आधीपासून घाटत होतं, आता निमित्त मिळालं. सरांनी हात जोडले, चुकलं म्हणाले. काही उपयोग झाला नाही.

सुप्रिया बाजारात मासे विकायला बसू लागली. सर तिच्याकडूनच मासे घ्यायचे, घासाघीस न करता. वर्गात ते आता डोंगराचं उदाहरण देत. माझ्या बोलण्यातले अलंकार शोधणंही त्यांनी सोडलं. ज्या सवयीवर मी इतकी वैतागायचे, तिच्यावाचून स्टाफरूम मला खायला उठायची. वाईट वाटायचं फार.

काही वर्षांनी, निवृत्तीच्या दिवशी निरोपाचा हार काढून ठेवून ते मला म्हणाले, "चला बाई, बाजारात." सुप्रिया सुरमई कापत होती. सर म्हणाले, "बाहेरून परीक्षेला बस. मी येऊन शिकवीन तुला."

तिने कोयती थांबवली नाही. "आता खंय, सर? पोर आसा, घर आसा." मग तुकडे त्यांच्या पिशवीत भरत हळूच म्हणाली, "तुमचो राग नाय माका. पण माका दहावी व्हयी होती."