बामणआळीतली पाहुणी

शकूताई चौतीस साली लग्न होऊन पनवेलला गेली, तिथेच नांदली; पण गोष्टी सांगायची त्या अलिबागच्या बामणआळीच्या. त्या आळीत घरटी एक मूळपुरुष होता. कुणाचा दिवेआगरहून गलबतातून उतरलेला, कुणाचा आंग्र्यांच्या पदरी असलेला. शकूला मात्र तसला एकही उसना मिळेना. तिचे वडील घाटावरचे. ते मानमोडीच्या साथीत गेले आणि आई दोन वर्षांच्या शकूला घेऊन माहेरी, माधवमामाकडे आली.

आळीच्या तोंडाशी ओट्यावर म्हातारे भाऊ बसत. डोळ्यांत मोतीबिंदू, पण आळीच्या सात पिढ्या तोंडपाठ. पाऊल वाजलं की विचारत, “कुणाची गं तू?” धाकटी मामेबहीण गोदू ऐटीत सांगे, माधवरावांची. शकू सांगे, माधवरावांची भाची. “म्हणजे पाहुणी होय,” असं म्हणून भाऊ तिच्या हातावर खडीसाखर ठेवत. म्हातारा मायाळूच, पण आठ वर्षं कुणी पाहुणी असतं का? शकूला ती खडीसाखर कधी गोड लागली नाही.

अंबिकामामी बोलायला कंजूष आणि सोवळ्याओवळ्याला पक्की. तिच्याकडे खड्यांच्या गौरी. विहिरीपाशी वेचलेले पाच खडे घरच्या लेकीनं तबकातून आणायचे, आणि देवापाशी पोचेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. काढला, तर पुन्हा पहिल्यापासून. त्या वर्षी गोदू नेमकी तापानं आडवी झाली. मामीनं शकूला नवा परकर नेसवला आणि बजावलं, शिंक आली तरी गिळायची. अशा बडबडीला ही शिक्षाच, पण पोरगी फुलून गेली होती. घरच्या लेकीचं काम तिला मिळालं होतं.

पुढे शकू, मागे घंटा वाजवत मामी. नेम भाऊंनाही ठाऊक होता, पण जिभेची सवय जाते कुठे?

“माधवाकडची गौर वाटतं. कुणाची गं तू?”

शकूनं ओठ घट्ट मिटले. बोलायची मुभा असती तरी सांगणार काय होती? तिचे डोळे भरून आले आणि ती जागीच थांबली.

घंटा थांबली. भाऊंसमोर आळीतल्या सुना मान वर करत नसत, बोलणं तर लांबच.

“आमची आहे,” मामी म्हणाली. “आमच्या घरची थोरली.”

मामीनं पदर सावरला. मोडलेल्या नेमाबद्दल ना हळहळ, ना सबब. शकूच्या खांद्याला धरून तिनं तिला वळवलं आणि दोघी नवे खडे वेचायला पुन्हा विहिरीकडे निघाल्या.