मागाचा खड्डा आणि जेवणाचं टेबल

फाल्गुन वद्य द्वितीया, सन १९३१. त्या दिवशी हातात घेतलेलं काम म्हणजे पुढच्या खोलीतला खड्डा भरून टाकायचा.

जमीन खचून पडलेला खड्डा नव्हे तो. सोलापुरात आम्ही जे घर भाड्यानं घेतलं होतं ते विणकरांचं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचा हातमाग असे. तो माग अगदी जमिनीलगत मांडतात. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि खालच्या पावड्या दाबतो. माग केव्हाच मोडून गेला होता, खड्डा तेवढा राहिला होता. दोन हात लांब, दोन हात रुंद आणि गुडघाभर खोल. घरमालकीणबाईंनी त्यावर तीन फळ्या टाकून दिल्या होत्या. आम्ही त्या फळ्यांवर ट्रंका ठेवल्या, ट्रंकांवर अंथरुणांची वळकटी ठेवली आणि सहा महिने तिकडे पाहिलं नाही.

खोली लहान होती, पण मला लहान खोलीचं भय कधीच वाटलं नाही. भिंतीला खुंट्या ठोकाव्यात, कोनाड्यांत डबे लावावेत, तुळईला शिंकं टांगावं, म्हणजे जमीन माणसांना मोकळी राहते. माझी अडचण वेगळी होती. आमच्या घरात एक माणूस असं होतं की त्याला जमिनीवर बसताच येत नव्हतं.

ते माणूस म्हणजे माझे यजमान. आधी आम्ही केम गावी होतो. तिथं ते एका कापसाच्या अडत्याकडे कारकून होते. आषाढात वखारीतली एक गाठ घसरली ती त्यांच्या उजव्या गुडघ्यावर. हाड सांधलं, पण मांडी घालणं कायमचं गेलं. पाय काटकोनात वाकायचा, त्यापुढे नाही. सोलापुरात एका गिरणीच्या कचेरीत लिहिण्याचं काम मिळालं आणि आम्ही इकडे आलो. कचेरीत सगळेच खुर्चीवर बसतात, तेव्हा तिथं काही अडत नव्हतं. अडत होतं ते घरी, पाटावर.

घरात एकच खुर्ची, आणि ती मावायची एकाच जागी, दाराजवळच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. समोर कोनाडा होता. बसलं की तो बरोबर छातीशी येई. त्यांचं ताट मी त्या कोनाड्यात ठेवायची. मागं जमिनीवर आमच्या दोघी मुली जेवायच्या, आणि ते भिंतीकडे बघत.

धाकटी पहिल्याच दिवशी म्हणाली, "आई, आप्पांना नैवेद्य दाखवला."

थोरलीनं तिला चिमटा काढला. हे हसले नाहीत. केमला असताना आमची पंगत तासभर चालायची. मुलींना पाढे विचारायचे, वखारीतल्या नकला करून दाखवायच्या, भाजीत मीठ कमी असलं की माझी टिंगल करायची. आता पाच मिनिटांत ताट रिकामं आणि हात धुऊन मोकळे. होळीच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "संध्याकाळी मला नुसतं दूध देत जा. अंथरुणावरच घेईन."

पण दूध पिऊन भिंतीकडे तोंड करून निजणारा माणूस मला घरात नको होता. अशी सवय एकदा लागली की सुटत नाही. म्हणून ठरवलं, जेवणाचं टेबल करायचं. साहेबलोकांचं असतं तसं, उंच, चौघं भोवती बसतील असं. त्यांना खाली बसता येत नसेल तर आम्ही वर बसू.

सुतार आला. त्यानं सुतळीनं खोली मापली, फळ्यांवर पाय देऊन पाहिला, आणि मान खाजवली.

"टेबल बसतंय की वो बाई. माणसं बसत न्हाईत."

"म्हणजे?"

"म्हणजे निम्मी खोली ह्या फळ्यांनी खाल्ली. हितं खुर्ची ठिवली तर आप्पासाब जेवता जेवता खाली. खड्डा भरा, मग मी टेबल देतो."

खड्डा भरायला घरमालकीणबाईंची परवानगी हवी होती. त्या मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. विधवा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. मी त्यांना अम्मा म्हणायची. हा माग त्यांच्या यजमानांचा. मुलगा गिरणीत लागला होता आणि मागाला हात लावत नव्हता.

मी विचारलं, तेव्हा त्या ओसरीत लसूण सोलत होत्या.

"खड्डा भरायचं न्हाई बाई."

"अम्मा, माग तर नाही आता."

"आज न्हाई. गिरणी काय, आज चालू, उद्या बंद. पोरगा परत आला तर माग कुटं मांडू? तुमच्या डोक्यावर?"

त्यांनी लसणीचा पुढचा गड्डा घेतला.

त्यानंतर मी जे केलं ते सरळ नव्हतं. अम्मा बहिणीच्या नातवाच्या बारशाला अक्कलकोटला जाणार होत्या, जाऊन-येऊन दोन दिवस. त्या गेल्या त्याच दुपारी मी गाढववाल्याला बोलावून माती मागवली. एकदा भरून, चोपून, वर सारवून झालं की त्या काय उकरायला लावणार होत्या थोड्याच, असा माझा हिशेब.

गाढववाल्यानं अंगणात ढीग ओतला आणि कपाळ पुसलं. "बाई, परत न्यायला बोलवायचं न्हाय हां. माती येती, जात न्हाय."

"कोण बोलावतंय तुला?"

"बोलावत्यात की. लई बायका बोलावत्यात."

दोन गडी सकाळी भरायला यायचे होते. मी आणि थोरलीनं ट्रंका उतरवल्या, अंथरुणं काढली, फळ्या उचलून भिंतीशी टेकवल्या. ट्रंकांना दुसरी जागा नव्हती, म्हणून त्या दाराजवळच्या कोपऱ्यात गेल्या, आणि खुर्ची अंगणात. खड्डा झाडून काढला. आत कोळिष्टकं आणि धाग्यांचे गुंतवळे, बाकी जमीन कोरडी, घोटीव. बसायच्या बाजूची कड झिजून गोल झाली होती.

सहाच्या सुमाराला हे कचेरीतून आले. काठी टेकत दारात उभे राहिले.

"खुर्ची कुठं आहे?"

"अंगणात. आजचा दिवस तिथंच बसा."

"अंगणात मातीचा डोंगर आहे. खुर्ची त्याच्यामागं की खाली?"

खुर्ची आम्ही ढिगाच्या पलीकडे ठेवली होती, तिथवर काठी टेकत जाता येणार नाही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी खुर्ची आणायला निघाले. पण दिवसभर काम केलेला माणूस तेवढाही थांबेना. त्यांनी खोलीभर नजर टाकली, काठी भिंतीला लावली, खिडकीचा गज धरला आणि हळूहळू खड्ड्याच्या काठावर खाली होऊ लागले.

"अहो, थांबा, पडाल!"

"याच्याखाली आणखी कुठं पडणार?"

दोन्ही पाय त्यांनी आत सोडले. डावा आधी, मग हातानं धरून उजवा. पाय तळाला टेकले. गुडघा जेवढा वाकायचा तेवढाच वाकला होता. ते जमिनीवर बसले होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

त्यांनी दोन्ही तळहात बाजूच्या जमिनीवर टेकवून पाहिले.

धाकटी पळत आली आणि त्यांच्या शेजारी फतकल मारून बसली. खांद्याला खांदा लावून पाहिला. "आप्पा माझ्याएवढे झाले!"

"तुझ्याएवढा? तुझं डोकं माझ्या काखेत येतंय. भूक लागलीय. काय केलंय आज?"

"ज्वारीची भाकरी आणि शेंगांचं पिठलं," मी म्हटलं.

त्यांच्यासमोर उघडा खड्डा, तेव्हा ताट ठेवायचं कुठं? भिंतीशी टेकवलेली एक फळी मी आडवी टाकली, दोन्ही बाजूंना दोन-दोन विटांवर. ती त्यांच्या पोटाच्या उंचीला आली. मुलींचे पाट उजवीकडे आणि डावीकडे मांडले. ताटं वाढली. मी वाढायला वाकले तेव्हा सहा महिन्यांत पहिल्यांदा मला तिघांची तोंडं एकदम दिसली.

त्यांनी पहिला घास घेतला. "पिठल्यात मीठ आहे का गं, की तेही मातीबरोबर अंगणात?"

थोरली खुदकन हसली. मग तिला एकोणीसचा पाढा विचारला, तो तिचा सातावर अडला. मग केमच्या वखारीत शिरून हजेरीचं बुक खाणाऱ्या बोकडाची गोष्ट निघाली. ती आम्ही सगळ्यांनी दहादा ऐकलेली होती. बोकडाचा आवाज त्यांनी आधीपेक्षा बरा काढला. मी सगळ्यांना पुन्हा पिठलं वाढलं. जेवण किती वेळ चाललं ते पाहिलं नाही, पण भाकरी मला दोन कमी पडल्या आणि पुन्हा तवा ठेवावा लागला.

उठायची वेळ आली तेव्हा कळलं की आत जाणं सोपं आहे. मी एका काखेत हात घातला, थोरलीनं दुसऱ्या, धाकटीनं पाठीमागून ढकललं. ते अर्धे वर आले आणि परत खाली बसले.

"बैल रुतलाय," ते म्हणाले. "चाऱ्याचं बघा आता."

मग त्यांनी वर पाहिलं. खड्ड्याच्या बरोबर वर तुळईला दोन लोखंडी कड्या होत्या. मी त्यातल्या एकीला दुधाचं शिंकं टांगलं होतं. त्या कड्या शिंक्यासाठी नव्हत्या, मागाच्या दोऱ्यांसाठी होत्या, हे मला तेव्हा उमगलं. मी शिंकं उतरवलं, आडाचा जुना दोर आणला, स्टुलावर चढून कडीतून ओवला आणि दोन्ही टोकं त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोर ओढून धरला, डाव्या पायावर जोर दिला आणि उभे राहिले. कुणाचाही हात न लागता.

दुधाचं त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

सकाळी दोन्ही गडी आले. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. मातीचा ढीग मात्र होता तिथंच होता. तो पाहात उभी होते, तेवढ्यात अम्मा आल्या. पहिल्या गाडीनंच निघाल्या असाव्यात. हातात बोचकं होतं. त्यांनी माती पाहिली, मग दारातून आत पाहिलं, फळ्या काढलेल्या, खड्डा उघडा.

"माती कशाला आणलं?"

"खड्डा भरायला," मी म्हटलं. "तुम्ही नसताना."

"मग भरलं का न्हाई?"

"आत माणूस बसलं होतं."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी त्यांना आत नेलं, दोर दाखवला, विटांवरची फळी दाखवली आणि गुडघ्याचं सगळं सांगितलं. त्यांनी बोचकं खाली ठेवलं, वाकून कडेवरून हात फिरवला.

"चोरून भरणार होता तुम्ही."

"हो. चुकलं माझं."

"चुकलं की." त्यांनी पाठ सरळ केली. मग म्हणाल्या, "असं नुसतं बसवू नका. खाली तरट घाला, चार घडी. आमचे हे तसंच बसायचे, दिवसभर. न्हाई तर कंबर धरती. आणि माती आलंय तर ओटा फुटलाय, तिथं लावा."

मी पदर खोचला. आम्ही दोघींनी पाटीपाटीनं माती ओट्यावर नेली आणि फुटलेली कड लिंपून काढली. ते संपतंय तोवर सुतार आला, टेबलाचं माप पक्कं करायला. मी त्याला सांगितलं, टेबल नको, ही फळी नीट करून दे. दोन्ही टोकांना विटांऐवजी लाकडाचे ठोकळे मार, आणि उंची अशी ठेव की खालून गुडघा मोकळा हलेल.

"किती ठिवू मग?" त्यानं सुतळी काढली.

मी तरटाची घडी घातली, खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत सोडले आणि त्याला पोटापासून माप घ्यायला लावलं. यजमान माझ्याहून बोटभर उंच बसतात, तेवढं त्यात वाढवलं. फळीचा उजवीकडचा कोपरा गोल तासायला सांगितला, कारण दुखरा गुडघा त्या बाजूला आहे.